पेटीबाहेरची ऊब

"शर्ट काढा," नर्स म्हणाली.

बाळासाठी आईचं दूध घेऊन आलेला तरुण दारातच थिजला. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण पेटीतल्या बाळांच्या या खोलीत तिचं राज्य होतं. इथे बोलायचं नाही, बाळं दचकतात, असं दटावून तिने त्याला हात धुवायला लावले, खुर्चीत बसवलं आणि दिवस भरायच्या आत जन्मलेलं ते मुठीएवढं बाळ पेटीतून काढून त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं. वर चादर. पेटीपेक्षा बापाची ऊब भारी, असं ती प्रत्येक बापाला ऐकवायची.

त्या तरुणाचा श्वास ऐकूच येईना. तीच घाबरली.

"श्वास घ्या की!"

"घेतोय... पण याला हिंदकळा बसतोय."

झालं... तिचं काळीज तिथेच घसरलं. आणि दुसऱ्याच क्षणी तिने मनाला चापट मारली—अगं भवाने, लग्न झालेला माणूस तो!

मग तो रोज यायचा. ती रोज मनाला चापट मारायची, आणि चादर मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ सारखी करायची. बाळ अंग धरत होतं, ही झुरत होती. अखेर तिने दुसरा वॉर्ड मागून घ्यायचं ठरवलं. साहेबांकडे निघणार, तेवढ्यात बॅग घेतलेला एक घामाघूम माणूस आत घुसला. आपण बाळाचे वडील, बोटीवर नोकरीला, आत्ताच उतरलो, म्हणाला.

नर्सने खुर्चीकडे पाहिलं. तिच्या पायांखालची फरशीच सरकली.

"मग... हे कोण?"

"मामा," चादरीतून आवाज आला. "पहिल्या दिवशी घाबरून गप्प बसलो. नंतर... सांगितलं असतं, तर तुम्ही घरी पाठवलं असतं."

"आणि मी इथे मनाला मारून मारून अर्धी झाले, त्याचं काय?"

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. तिघंही आ वासून उभे... म्हणजे मामा बसलेला.

"बाळ द्या आधी," बाप म्हणाला, "मग तुमचं चालू द्या."

तिने बापालाही हात धुवायला, शर्ट काढायला लावलं आणि बाळ त्याच्या छातीवर निजवलं. मान वर न करता पुटपुटली, "कॅन्टीनमध्ये थांबा. ड्यूटी संपली की येते."

मामा इतका हरखला, की बाहेरच्या दाराऐवजी चादरींच्या कपाटात शिरला. तिने कपाट उघडलं. आत तो अंधारात हसत उभा होता.

"नक्की येणार ना?"

"आधी तुम्ही तर बाहेर या."