लेखकास प्रश्न

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘तोंडओळख’ नावाची टिपणं छापणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात संपादकबाईंची एकवीस वर्षं गेली होती. विज्ञान, साहित्य, भाषाशास्त्र, इतिहास, प्रत्येकाचं बोटभर जाडीचं पुस्तक. चारही लिहायचा तो त्यांचा थोरला भाऊ. निवृत्त शिक्षक, एकटा जीव, दोन गल्ल्या पलीकडे भाड्याची खोली. दादाला सगळ्यातलं थोडं थोडं यायचं आणि सांगायचं मात्र सगळंच असायचं. त्याचा फोन उचलला की तासाची निश्चिंती. त्याच्या पाल्हाळाला कात्री लावता लावता बाईंच्या नाकी नऊ यायचे.

नव्या आवृत्तीचं हस्तलिखित त्याने आणून दिलं आणि दहाव्या दिवशी, एका मंगळवारी, तो गेला. संध्याकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा तो फरशीवर होता. डॉक्टर बाईंना म्हणाले, “क्षणात गेलेत. त्यांना कळलंही नसेल.”

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाई एकच सांगायच्या, “फोन आला असता, तर मी धावत गेले असते.”

फोन आला होता. अकरा वाजता, दादाच्या खोलीतल्या जुन्या तारेच्या फोनवरून. बाईंचा मोबाइल टेबलावर थरथरला, त्यांनी नाव पाहिलं आणि तो पालथा घातला. दुपारी करू म्हणून. दुपारी कामाच्या गडबडीत राहून गेलं. रात्री त्यांनी मोबाइलमधली त्या फोनची नोंद पुसून टाकली. हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

पंधरवड्याने कच्ची प्रुफं आली. खिडकीपाशी ऊन होतं, बाईंनी तांबडं पेन उघडलं आणि विज्ञानापासून सुरुवात केली. उष्णतेच्या प्रकरणात लिहिलं होतं : ‘दोन कप चहा ओतला. दुसरा कप घ्यायला कुणी आलं नाही. तो निवायला किती वेळ लागेल?’ बाईंना हसू आलं.

इतिहासात, साधनांच्या यादीखाली : ‘पुसून टाकलेली नोंद हेही साधनच असतं.’

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग भाषाशास्त्र घेतलं.

‘संकेतार्थ : जे घडलं नाही ते सांगणारं वाक्य. उदा. फोन आला असता, तर मी धावत गेले असते. टीप : हे उदाहरण सदोष आहे. फोन आला होता.’

त्या उठून अक्षरजुळणीच्या खोलीत गेल्या. तिथले काका त्यांच्याही आधीपासून नोकरीत होते.

“काका, हे तुम्ही कुठून घेतलंत?”

“हस्तलिखितातूनच. काना-मात्रा बदललेली नाही, बाई.”

त्यांनी पान काढून दिलं. दादाची निळी शाई, त्याचा तो आडवा पसरणारा ळ. कोपऱ्यात आवक शिक्का होता. तारीख दादा जाण्याच्या दहा दिवस आधीची.

बाईंनी प्रुफावरचं वाक्य खोडलं. दोनदा, कागद फाटेस्तोवर.

दुसरं प्रूफ आलं. वाक्य गेलं होतं. त्या जागी होतं : ‘उदा. तू विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं.’ बाईंनी हस्तलिखिताचं पान पुन्हा मागवलं. त्यावरही आता तेच होतं. खाडाखोड नव्हती. शिक्का तोच होता.

“मला वाटलं, तुम्हीच बदललंत,” काका हळूच म्हणाले.

एकवीस वर्षांत बाईंनी दादाला समासातून शेकडो प्रश्न विचारले होते. हे कशाला, ते लांबलं, इथे आटप. कसा आहेस, हे एकदाही नाही.

त्यांनी पेन्सिल घेतली. समासात नेहमीसारखं ‘लेखकास प्रश्न’ लिहून त्याभोवती गोल केला आणि खाली लिहिलं : दादा, जायला फार वेळ लागला का?

काकांनी ते वाचलं. “बाई, हे आता कुणाला विचारायचं?”

“जाऊ द्या तसंच, काका.”

तिसरं प्रूफ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. भाषाशास्त्राचं पान स्वच्छ होतं. संकेतार्थाला साधंच उदाहरण होतं, कुठल्याही पुस्तकात असतं तसं. बाईंचा जीव भांड्यात पडला. भास असतील, दुःखात होतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि उरलेली पानं उलटायला घेतली.

विज्ञानात, ‘मापन’ या प्रकरणाच्या शेवटी, एक सोडवलेलं उदाहरण वाढलं होतं.

‘एका माणसाने सकाळी अकरा वाजता फोन खाली ठेवला आणि तो माणूस फरशीवर पडला. दुपारी साडेचारपर्यंत तो बहिणीला हाका मारत होता. एकूण कालावधी काढा.

उत्तर : साडेपाच तास.’