कोलशेतच्या चिखलातले बारा कान

१९९२ सालच्या होळीच्या आठवड्यात परशुराम लेले ठाण्याजवळच्या कोलशेतच्या खाजणात, म्हणजे खाडीच्या दलदलीत, उतरला तो एकाच कामासाठी. जमिनीला बारा कान बसवायचे, आणि सोमवारी लष्कराची मंडळी पाहायला येण्याआधी ते कान खरं बोलतात याची खात्री करून घ्यायची.

हे कान म्हणजे नारळाएवढे लोखंडी डबे. ते जमिनीत पुरायचे. माणूस जवळून चालला की जमिनीला बारीकशी थरथर सुटते, ती डब्याला कळते आणि तो रेडिओवरून दूरच्या पेटीला कळवतो. मग पेटीवरचा त्या नंबरचा लाल दिवा लागतो. सीमेवरच्या ज्या दलदलीत जवान उभा करणं कठीण, तिथे हे डबे पहारा देणार होते. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात परशुरामने तीन वर्षं त्यावर काढली होती. सोमवारच्या चाचणीत उतरले तर डबे सीमेवर जाणार. नाहीतर आहेच, पुन्हा शाळांसाठी इलेक्ट्रिक घंटा बनवणं!

यंत्रातल्या एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. कुत्रं पळालं, फांदी पडली, तर दिवा लागत नसे. एका लयीत लागोपाठ तीन ठोके पडले तरच यंत्र ते माणसाचं पाऊल मानत असे. ही तीन ठोक्यांची युक्ती त्याला नौपाड्याच्या घरात, गॅलरीत येरझारा घालताना सुचली होती. त्याच्या बायकोच्या मते, युक्ती सुचल्यानंतर तरी येरझारा थांबवायला हरकत नव्हती.

वाटाड्या म्हणून कोलशेतचा गोमाजी पाटील ठरला होता. साठी उलटलेला माणूस, सगळा जन्म मिठागरात पाणी घेण्यात आणि सोडण्यात गेलेला. होळीच्या संध्याकाळी परशुराम त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि शुक्रवारी सकाळी निघायचं का, म्हणून विचारलं. गोमाजीने वर येणाऱ्या चंद्राकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

"आता उदान हाय, साहेब. घाई करू नका. भांगावर जाऊ."

परशुरामच्या कानांनी त्यातली 'भांग' तेवढी उचलली आणि त्याचं डोकंच फिरलं. उद्या धुळवड, गावात भांगेचे तांबे फिरणार, आणि हा म्हातारा चक्क भांग चढवून खाजणात उतरायचं म्हणतोय! तोंडावर तो नुसतं 'बघू' म्हणाला, आणि रिक्षात बसता बसता म्हाताऱ्याला वगळून टाकलं. ओहोटी सकाळी आहे एवढं त्याने कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. पौर्णिमेच्या पाठोपाठचं पाणी किती उंच आणि किती वेगात चढतं, हे ज्याला विचारायचं त्यालाच त्याने घरी बसवलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो आणि दौलत शेलार असे दोघेच निघाले. दौलत कल्याणचा, लष्कराच्या सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. काम चोख, बोलणं कमी, आणि हसणं त्याहून कमी. मिठागराच्या बांधावर एक ओसाड झोपडी होती, तिथे त्यांनी मुक्काम केला. समोर खाजण पसरलं होतं. बांधालगत उन्हाने तडकलेली कोरडी माती, मग हळूहळू ओला होत जाणारा, करडा, चकाकणारा गाळ, त्यापलीकडे तिवरांच्या झुडपांची हिरवी भिंत आणि तिच्या आड कुठेतरी खाडी. सगळीकडे पांढरे बगळे शांतपणे चरत होते. ठाण्याच्या इतक्या जवळ इतकी शांतता असू शकते, याचं परशुरामला नवल वाटलं.

बांधापासून तिवरांपर्यंत एका ओळीत त्यांनी बारा डबे पुरले आणि प्रत्येकाशेजारी लाल फडकं लावलेली काठी रोवली. पहिले चार कोरड्या मातीत, उरलेले आठ गाळात. सगळं झालं तेव्हा साडेदहा वाजले होते. बारातले अकरा दिवे ठीक होते, नऊ नंबर मात्र अधूनमधून गप्प बसत होता.

दौलत गमबूट चढवून निघाला. नऊ नंबरची तार सरळ करायची आणि आल्या वाटेने न परतता तिथूनच ओळ सोडून, तिवरांच्या आडून जुन्या बांधावर चढून, रस्त्याने वळसा घालून, येताना जेवण घेऊन यायचं, असं ठरलं. पेटीवर एकेक दिवा लागत गेला. एक, दोन, तीन... गाळात शिरल्यावरही गमबुटांचे ठोके बरोबर पोचत होते. सात. आठ. नऊचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मग सगळी पेटी शांत.

परशुरामने पाच मिनिटं वाट पाहिली. दिवा नाही. म्हणजे हवालदार बांधावर चढले, निघालेसुद्धा! त्याने वही उघडली आणि सुरेख अक्षरात लिहिलं : '११.१०. क्षेत्रात कोणीही नाही.' मग भिंतीला टेकून त्याने थर्मासमधला चहा ओतला. तीन वर्षांत इतका निवांत तो कधी बसला नव्हता.

पाऊण तासाने बांधावरून गोमाजी आला. मागे त्याची बायको मनुबाई, कमरेला चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची टोपली. म्हाताऱ्याचे डोळे स्वच्छ होते, तोंडाला कसलाही वास नव्हता. त्याने आधी पाण्याकडे पाहिलं, मग परशुरामकडे, आणि हवालदार कुठे, म्हणून विचारलं. ते केव्हाच बाहेर पडले, असं परशुराम म्हणाला. कशावरून, असं गोमाजीने विचारल्यावर त्याने पेटी दाखवली. एकही दिवा लागलेला नाही, म्हणजे खाजणात कुणीच नाही.

गोमाजीने पेटीकडे पाहिलंच नाही. तो डोळ्यांवर हात धरून तिवरांकडे बघत राहिला.

"तितं बगले बसत नायत," तो म्हणाला. "सगलीकरं बसलेत. तितंच नाय. मानूस हाय तितं."

 वारा पश्चिमेचा होता. दौलतने हाका मारल्या असतील तर त्या सगळ्या खाडीपलीकडे भिवंडीच्या बाजूला गेल्या असणार. आणि आता परशुरामला दिसलं. तिवरांची मुळं पाण्यात होती. अकरा आणि बारा नंबरची फडकी पाण्यावर तरंगत होती. पाणी आलं होतं!

तो उडी मारायला धावला तेव्हा गोमाजीने त्याचा दंड धरला. तुम्ही बूट घालून गेलात तर एकाचे दोन होतील, असं त्याने स्पष्ट सांगितलं. तो स्वतः होडी आणायला खाडीच्या बाजूला पळाला. मनुबाईने टोपली खाली ठेवली, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि ती खाजणात उतरली.

गळ्यात पेटी अडकवून परशुराम बांधावर उभा. एक लागला. दोन. तीन. चार. तिथे गाळ सुरू झाला आणि मनुबाईने चाल बदलली. आता ती पाय उचलतच नव्हती. तळवा आडवा ठेवून, अंग पुढे टाकून ती गाळावरून सरकत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सरकत होती. पाच नंबरच्या काठीला तर तिचा पदर घासला. दिवा लागला नाही. सहा, सात, आठ. पेटी गप्प! डोळ्यांसमोरून एक जिवंत माणूस चाललं होतं आणि त्याचं तीन वर्षांचं यंत्र सांगत होतं की तिथे कुणीही नाही.

त्यावर विचार करायला वेळ नव्हता. मनुबाई पोचली होती आणि दोन्ही हात हलवून बोलावत होती. परशुरामने पेटी फेकली, बूट काढले, झोपडीचं मोडकं दार उपटलं आणि गाळावर आडवं टाकलं. तो त्यावर पालथा पडला. दोन्ही हातांनी गाळ मागे लोटायचा, दार पुढे सरकवायचं. तोंडात चिखल. डोळ्यांत चिखल. हात खांद्यातून निखळतात असं वाटलं. पण दार सरकत होतं!

दौलत मांड्यांपर्यंत गाळात होता आणि पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. चेहरा पांढराफटक, पण तो हलत नव्हता. जितकं हलावं तितकं खाली जावं, हे त्याने पहिल्या दोन मिनिटांत ओळखलं होतं. तासभर तो दगडासारखा स्थिर उभा होता. म्हणूनच जिवंत होता आणि म्हणूनच पेटीला दिसला नव्हता.

"आरवा हो," मनुबाईने त्याला हुकूम सोडला. "पाटीवर पर. दाराला धर."

दौलत पाठीवर आडवा झाला. परशुरामने दार त्याच्या खांद्यांखाली सारलं. मनुबाईने श्वास घेतला आणि ती पाण्याखाली गेली. गमबुटाच्या कडेने तिने हात आत खुपसला आणि बुटात पाणी जाऊ दिलं. एक पाय सुटला! पाणी दौलतच्या हनुवटीला लागलं. मनुबाई पुन्हा खाली गेली. परशुरामने काखेत हात घालून सगळा जीव लावून ओढलं. गाळाने मोठा आवाज केला आणि दौलतचा दुसरा पाय मोकळा झाला. गमबूट तिथेच राहिले. खाडी त्यांचं काय करायचं ते करो!

तिवरांमधून गोमाजीची होडी आली तेव्हा तिघंही त्या दाराला लोंबकळत होती. होडीत पडल्या पडल्या परशुराम रडला. त्याची त्याला लाजही वाटली नाही. थोड्या वेळाने त्याने गोमाजीला आपला गैरसमज सांगितला.  म्हाताऱ्याने समजावून सांगितलं की पुनव-अवसेला पाणी जोरात चढतं ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराला मंद असतं, फार चढत नाही, त्याला भांग म्हणतात. भांगावर जाऊ म्हणजे आठ दिवसांनी जाऊ. प्यायची भांग त्याने उभ्या जन्मात घेतली नव्हती. मनुबाई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि दौलतलाही हसू आलं.

शनिवारी गाळ्यात दोघे समोरासमोर बसले. सोमवारी जवान येणार, बूट घालून दाणदाण चालणार, बाराच्या बारा दिवे लागणार, हे परशुरामला ठाऊक होतं. मनुबाईबद्दल बोलायची सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नव्हती. हा दोष पुढे सावकाश दुरुस्त करता येईल, असं तो स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाला. दौलतने मान वर केली.

"साहेब, मी पोस्टवर असतो आणि तुमची पेटी गप्प असती, तर मी झोपलो असतो," तो म्हणाला. "निवांत. तुम्ही चहा प्यालात ना, तसा."

 संध्याकाळी परशुराम कोलशेतला गेला आणि मनुबाईला सोमवारी यायची विनंती करून आला.

सोमवारी अकराच्या सुमाराला खाजण ओहोटीने उघडं पडलं होतं. कर्नल आणि त्यांचे दोन अधिकारी पेटीभोवती उभे होते. सहा जवान ओळीने चालले आणि दिवे एकामागून एक असे लागले की अधिकाऱ्यांनी मानाच डोलावल्या. कर्नलांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं. इथे गप्प राहिलं तर सगळं मिळत होतं. परशुराम पुढे झाला.

"सर, अजून एक माणूस चालायचं राहिलंय," तो म्हणाला.

तिवरांच्या बाजूने मनुबाई उतरली. पाठीला टोपली. ती चिंबोऱ्या शोधत, सरकत, थांबत येत होती. बारा नंबर ओलांडला. अकरा. दहा. कर्नल एकदा तिच्याकडे पाहत, एकदा पेटीकडे.  आठ, सात, सहा, पाच. पहिला दिवा लागला तो चार नंबरचा, आणि तोपर्यंत ती बांधाखाली येऊन पोचली होती.

कर्नलांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले नाहीत. हे तुम्ही दाखवलं नसतं तर आम्हाला फार महागात कळलं असतं, एवढंच ते म्हणाले, आणि डबे नापास असं फाइलमध्ये लिहिलं. त्यांच्या सहीखाली परशुरामनेही सही केली. जीप गेल्या.

मनुबाई मात्र अजून खालीच उभी होती. तिचा चेहरा पडला होता.

"वाजला नाय ना तुमचा डबा?" तिने विचारलं. "माजं चुकलं काय? परत चालू?"

"नाही मावशी," परशुराम म्हणाला. "तुम्ही अगदी बरोबर चाललात. चुकलो मी."

त्याने बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पेटी दौलतच्या हातात दिली. बांध उतरून तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ही चाल मला शिकवा. मनुबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती गाळाकडे वळली. तो तिच्या मागून निघाला. तळवा आडवा. अंग पुढे. श्वास रोखून. पाच नंबर गेला. सहा गेला. त्याला वाटलं, जमलं!

"सात लागला!" बांधावरून दौलत ओरडला.

मनुबाई थांबली. मागे न बघताच म्हणाली, "पाय उचललास."