चार मिनिटे छत्तीस सेकंद

"आई, बरी आहेस ना?" शाल्मलीने माईकमध्ये विचारले, आणि यंत्रातून काहीच आले नाही.

तिची आई शुक्राभोवती फिरणाऱ्या यानात होती आणि काल सूर्यावर उठलेल्या वादळात यानाशी संपर्क तुटला होता. आज तो पुन्हा जुळवत होती वैजू मावशी. माळावरच्या केंद्रातली मोठी अँटेना आईची ही धाकटी बहीणच सांभाळायची. निरोप पोहोचला की यान आपोआप, त्याच क्षणी 'पोच' (मिळाल्याची खूण) पाठवते, एवढे शाल्मलीला ठाऊक होते. मग अजून का येत नाही? दोन मिनिटे झाली, तीन झाली. मावशी नुसती हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत बसली होती. शाल्मलीला तिचा रागच आला, आणि मग रडू फुटले.

तेवढ्यात 'टिक' वाजले. मावशीने घड्याळ थांबवले. 

"चार मिनिटे छत्तीस सेकंद," ती म्हणाली. "यान शाबूत आहे. आणि शाल्मे, तू आत्ता सूर्याचे अंतर मोजलेस."

सूर्याकडे शाल्मलीने साधे बोटही दाखवले नव्हते. शिवाय पोच यानाने दिली होती, आईने नाही. पण मावशीने कागद पुढे ओढला होता.

पृथ्वीवरून पाहिले तर शुक्र सूर्यापासून फार लांब जातच नाही, मावशी सांगू लागली. तो जास्तीत जास्त सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांचा कोन करतो. पृथ्वी ते सूर्य शंभर भाग धरून तो कोन कागदावर काढला आणि सूर्यापासून त्या रेषेवर लंब टाकला, की शुक्र सूर्यापासून बहात्तर भागांवर येतो. हे माणसाला शेकडो वर्षांपूर्वीच कळले होते. एक भाग म्हणजे किती किलोमीटर, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते.

"म्हणजे सगळा नकाशा होता, पण अंतर एकाचेही नव्हते?" शाल्मली रडायचीच विसरली. मग सरळ सूर्याकडेच रेडिओ लहरी का पाठवल्या नाहीत, असे तिने विचारले.

सूर्याचा स्वतःचाच गोंगाट एवढा, की त्यात परत आलेली लहर ऐकूच येत नाही, मावशी म्हणाली. म्हणून शास्त्रज्ञांनी लहरी शुक्रावर आपटल्या आणि त्या परत यायला किती वेळ लागतो ते मोजले.

आज शुक्र पृथ्वी आणि सूर्याच्या मध्ये, आपल्या सर्वांत जवळ होता, म्हणजे शंभरातून बहात्तर गेले, अठ्ठावीस भागांवर. जाण्यायेण्याचे दोनशे शहात्तर सेकंद. नुसते जाण्याचे एकशे अडतीस. लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. शाल्मलीने गुणाकार केला: चार कोटी चौदा लाख. अठ्ठावीसने भागले, तर एक भाग सुमारे पंधरा लाखांचा निघाला. आणि शंभर भाग?

"पंधरा कोटी किलोमीटर," ती पुटपुटली. पेन्सिल तिच्या हातातून गळून पडली. मघाच्या त्या भयंकर शांततेत एवढे अंतर दडले होते.

"शाल्मे," यंत्र खरखरले. आईचाच आवाज. "वादळ संपेपर्यंत जाड भिंतींच्या खोलीत बसले होते गं, आत्ता बाहेर आले. मी बरी आहे."

मावशीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तीही तेवढीच घाबरली होती, म्हणूनच इतका वेळ आपल्याला गणितात गुंतवत होती, हे शाल्मलीला आत्ता कळले. तिने मावशीला घट्ट मिठी मारली.

दहा महिन्यांनी शुक्र सूर्याच्या पलीकडे जाईल, तेव्हा पोच यायला जवळजवळ अर्धा तास लागेल, असे मावशीने डोळे पुसत सांगितले. लागू दे, शाल्मली म्हणाली. तिने स्टॉपवॉच शून्यावर आणले, माईक जवळ ओढला आणि "आई, मी इथेच आहे" असे म्हणून बटण दाबले.