जगायच्या पैशांवरचा कर

ती त्या दुपारी कर भरायला गेलीच नव्हती. गेली होती शेवाळावरच्या प्रबंधाच्या चार पानांची झेरॉक्स काढायला. ग्रंथालयाच्या तळघरात रांग दिसली, मुकाट्याने उभी राहिली. बाहेर आठवडाभर न थांबलेली भुरभुर, छत्रीतून टपटप पाणी... आणि तिचा नंबर आला तेव्हा समोर मशीन नव्हतंच. एक टेबल होतं आणि त्यामागे एक किडकिडीत तरुण.

"शिष्यवृत्ती की पगार?" त्याने विचारलं.

"शिष्यवृत्ती... पण मला झेरॉक्स—"

"मशीन वरच्या मजल्यावर गेलं. आलाच आहात तर बसा. कर भरलात?"

"शिष्यवृत्तीवर कसला कर? ते तर शाबासकीचे पैसे."

तो हसला नाही. नुसता बघत राहिला, आणि त्या बघण्यात अशी काही कणव होती की ती समोरच्या खुर्चीत बसलीच.

तोही संशोधकच, अर्थशास्त्राचा. दरवर्षी या दिवसांत विद्यार्थ्यांची करविवरणं फुकट भरून द्यायला बसायचा. एकेक गोष्ट दोनदोनदा समजावायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. तिलाही त्याने दोनदा समजावलं. या देशातला नियम वेगळा: शिष्यवृत्तीतलं जे फीला आणि सक्तीच्या पुस्तका-सामानाला गेलं, त्यावर कर नाही. जे खोलीभाड्याला आणि जेवणाला गेलं, ते उत्पन्न; त्यावर कर. शिकवण्याचा पगार असता तर विद्यापीठानेच कापून घेतला असता. शिष्यवृत्तीतून कुणी कापत नाही, आपला आपण बाजूला काढून ठेवायचा.

"म्हणजे शिकले ते माफ आणि जगले त्यावर कर?"

"साधारण तसंच," तो अवघडून म्हणाला. "मी नाही केला हा कायदा."

तिने कसलं बाजूला काढलंय! शिष्यवृत्ती या महिन्यात संपणार होती. प्रबंध लिहून होईपर्यंतचं भाडं तिने पोटाला चिमटा काढून साठवलं होतं, आणि कर भरला की तेच जाणार होतं. मग खोली सोडायची आणि दादाच्या घरी परत. दादाने तर केव्हाच ऐकवलं होतं, "दगडांवरचं शेवाळ खरवडणं पुरे झालं आता. दुकानात माणूस हवंय." एकदा त्या गल्ल्यावर बसली की प्रबंधाचं काही खरं नव्हतं.

"पावत्या आणा," मास्तर म्हणाला. "सगळ्या. बघू किती वाचतंय ते."

मग रोज दुपारी ती तळघरात. ओला स्वेटर खुर्चीच्या पाठीवर, समोर पावत्यांचा ढीग, आणि तिला बिनसाखरेचा चहा लागतो हे न सांगता कळलेला मास्तर.

"हे गमबूट. सक्तीचे होते?"

"चिखल सक्तीचा होता."

"चिखलाची पावती आहे?"

ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. त्याने पटकन मान खाली घातली, पण कान लाल व्हायचे ते झालेच.

शेजारच्या टेबलावर काकू बसत. आयुष्यभर हिशेबनिशी केलेल्या. मास्तरने भरलेला प्रत्येक कागद त्यांनी तपासल्याशिवाय पुढे जात नसे. "याच्याकडून सवलतीची आशा धरू नकोस हो," त्या तिला म्हणाल्या. "सख्ख्या आईलासुद्धा एक पावती सोडायचा नाही."

तरीही आठवड्याच्या शेवटी त्याने आकडा पुढे केला. निम्म्याहून जास्त कर वाचला होता. तिच्या जिवात जीव आला. संध्याकाळी तिने दादाला फोन करून सांगूनच टाकलं, मी येत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर टेबलावर नव्हता. जिन्यात उभा होता, तिची वाट बघत.

"तुमचा कागद मी काकूंना दिला नाही."

"का?"

"डोंगरावर नमुने गोळा करायला जायचात, तो प्रवासखर्च मी कराच्या रकमेतून वगळून टाकलाय. तो वगळता येत नाही. त्यावर कर लागतो."

"चुकून झालं असेल."

"चुकून नाही..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला माहीत होतं. तुम्ही खोली सोडून जाऊ नये म्हणून लिहिलं."

वर कुठेतरी दार आपटलं.

"इतक्या जणांचे कागद भरले," तो म्हणाला, "आकडा कधी वाकवला नाही. तुमचा भरताना मन थाऱ्यावर राहिलं नाही. काकूंच्या नजरेतून सुटलं तर जाईलही पुढे. तुम्ही म्हणाल तर... देतो."

तिला त्याचा भयंकर राग आला. कालच्या एका रात्रीसाठी कशाला दिला होता हा आनंद? आणि त्याच वेळी, त्याच जिन्यात, तिला कळून चुकलं की या माणसात आपण पुरत्या अडकलोय.

"उद्या पकडलं गेलं तर?"

"तुम्हाला दंड. मला इथे परत बसू देणार नाहीत."

तिने त्याच्या हातातला कागद घेतला आणि थेट काकूंच्या टेबलावर नेऊन ठेवला. "प्रवासावरही कर धरायचाय यात. राहून गेलाय."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पेन उचललं. "पोरी, भाड्यापेक्षा पुस्तकांवर उधळपट्टी केली असतीस तर बरं झालं असतं गं," एवढंच त्या पुटपुटल्या.

कर भरला. खोली सुटली. महिनाअखेरीस बसथांब्यावर तीच चिवट भुरभुर होती. मास्तर सोडायला आला होता. शेवाळ धरलेल्या दगडांचं तिचं जड खोकं त्याने छातीशी धरलं होतं. त्या दगडांशिवाय प्रबंधाचं पानही पुढे सरकणार नव्हतं.

"येशील ना परत?"

येईन, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण दुकान होतं, दादा होता, आणि पैसे तर नव्हतेच. याला खोटं कसं सांगायचं?

"माहीत नाही रे," ती म्हणाली. "पण माझा जीव जडलाय तुझ्यावर. ते सांगितल्याशिवाय जायचं नव्हतं मला."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात चालकाने घाई केली. ती चढली, खिडकीशी बसली. काचेवर पाण्याचे ओघळ, पलीकडे तो भिजत उभा. बस हलली आणि तिच्या लक्षात आलं, खोकं त्याच्याच हातात राहिलंय.

बस थांबवायला ती ताडकन उठली... क्षणभर तशीच उभी राहिली... आणि पुन्हा खाली बसली.