रिकाम्या खिडकीची बावीस मिनिटं

वायर इथं ठेवा आणि बसा तिघंही. सोल्डरिंग गन तापायला पाच मिनिटं लागतात, माझे डोळे जागेवर यायला दहा. साडेनऊ वाजलेत, शटर अर्धं खाली आहे. घाई असेल तर दुसरं दुकान बघा. दुसरं नाहीच म्हणा.

तुमच्या फिल्मचं आवाजाचं काम कोण बघतं? तू? बरं. शूटिंग चालू असताना कानाला काय लावतेस?

काही नाही. आवाजाचं मीटर बघून अंदाज येतो, म्हणतेस.

हं.

तुम्ही लोक कॅमेरा घ्यायचा तर पंचवीस जणांना विचारता. लेन्सवरून आठ दिवस भांडता. ती लेन्स मऊ फडक्यानं पुसत बसता आणि स्वतःचा चष्मा असा, की त्यावर बोटानं नाव लिहावं. हेडफोन कुठला घेऊ, हे मात्र या दुकानात येऊन एकानंही विचारलेलं नाही. एक जण होता, त्याला हेडफोनची कदर होती. त्याला मी घालवला.

गन तापेपर्यंत ऐका. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. यातलं अर्धं त्यानं मला सांगितलं, अर्धं मी बघितलं. ऐकीव यात काही नाही.

त्याला गल्लीत सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. चाळिशीला आला होता. दिवसा लोकांच्या समारंभांचं शूटिंग करायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या छोट्या फिल्म बनवायचा. साठवलेलं सगळं त्यानं एका लांब लेन्समध्ये घातलं होतं. कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी. लांबून काढलं तर माणूस बुजत नाही, खरा दिसतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हणायचो, अरे, ती लेन्स एक वस्तू मोठी करून दाखवते आणि बाकीचं सगळं झाकून टाकते, हे लक्षात ठेव. तो म्हणायचा, "काका, तेच तर पाहिजे."

त्याला एक आत्या होती. बाइंडिंग करायची. पन्नास वर्षं वह्या, पुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं शिवली तिनं. त्याचे आईवडील लवकर गेले, तिनंच त्याला वाढवला. अडतीस वर्षांचा घोडा झाला तरी ती त्याला 'छोट्या'च म्हणायची. तिची मुलगी नर्स, ती हॉस्पिटलजवळच राहायची, सुट्टीला यायची. तर या आत्यावर दुर्बीण फिल्म करत होता. तिचे हात, सुई, दाभण, लोखंडी दाबयंत्र. काम झकास चाललं होतं. कुठल्याशा स्पर्धेला पाठवायची होती.

ऑक्टोबरच्या अठ्ठावीसला त्यानं हेडफोन माझ्याकडे टाकला. वायर मानेत तुटली होती. दहा मिनिटांचं काम. मी तो त्या फळीवर ठेवला आणि तिथंच राहिला. कंटाळा, दुसरं काही नाही.

पाच नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी तो घ्यायला आला.

"झाला का, काका?"

"उद्या."

"आज शेवटचं शूटिंग आहे हो. संध्याकाळचा उजेड पाहिजे."

"मग कर की. हेडफोन कशाला लागतो? मीटरच्या पट्ट्या हलतायत ना? मग आवाज येतोय. जा."

तो हसला, म्हणाला, "तुम्ही म्हणता तर तसं." आणि गेला.

आत्याचं घर वरच्या मजल्यावर. रस्त्याकडे जमिनीपर्यंत उंच खिडकी, तिला गज. समोर गादीवाल्याचं घर, ते एक मजला जास्त उंच. दुर्बिणीनं आत्याच्या कॉलरला बिनतारी माइक लावला, तिला खिडकीत खुर्चीवर बसवलं आणि स्वतः कॅमेरा घेऊन गादीवाल्याच्या गच्चीवर गेला. तिथून लांब लेन्स लावून खिडकी पकडली. चौकटीत फक्त खुर्ची, आत्याचं डोकं, खांदे आणि हात. बाकी काही नाही.

आत्या शिवत होती. मग काहीतरी बोलली, हसली आणि उठून गेली. काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. कानाला होतं काय त्याच्या? त्याला वाटलं, येईल परत. तिरका उजेड रिकाम्या खुर्चीवर पडला होता. सुंदर दिसत होतं म्हणे. त्यानं कॅमेरा चालूच ठेवला.

मीटरची पट्टी एकदम लाल झाली.

आता तूच सांग, पोरी. पट्टी लाल झाली की तू काय करतेस? आवाज कमी करतेस. सगळेच करतात, शिकवलेलंच असतं तसं. त्यानंही केला. त्याला वाटलं, माइकवर पदर घासला असेल, नाहीतर ती काहीतरी जड सरकवत असेल. परत लाल. त्यानं आणखी कमी केला. तिसऱ्यांदा लाल झाली तेव्हा बटण पार तळाला नेलं. मग पट्टी गप्प झाली.

बावीस मिनिटं त्यानं रिकामी खिडकी काढली.

उजेड गेला तेव्हा तो वर गेला. स्टूल कपाटापाशी आडवं पडलं होतं. दाबयंत्राच्या कोपऱ्याला रक्त होतं. आणि आत्या खिडकीपासून दोन हातांवर होती.

समजलं ना? पडली कपाटापाशी. सापडली खिडकीपाशी.

तिची मुलगी नर्स. तिला हे दिसल्याशिवाय राहतंय? तिनं त्याला विचारलं, "दादा, आई पडल्यावर किती वेळ होती? तिनं हाक मारली का रे?" हा म्हणाला, "नाही गं. लगेच गेली. मी खालीच होतो, काही आवाज नाही." गच्चीवर होतो, हे बोललाच नाही. पुढे गादीवाल्याकडून तिला ते कळलंच. पण तिनं जाब विचारला नाही. फक्त म्हणाली, तिचा आवाज तेवढा मला दे. चोवीसला सकाळी न्यायला येते.

अठरा दिवस मधे गेले. तो हेडफोन न्यायला येईना. शेवटी मीच दुरुस्त केला आणि तेवीसला, सोमवारी, रात्री जेवण झाल्यावर नेऊन द्यावा म्हणून निघालो. त्याच्या जिन्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. जिन्यातला दिवा गेलेला. भिंत चाचपत वर गेलो.

खोलीत कॉम्प्युटर चालू होता. तो समोर बसलेला, दाढी वाढलेली. माझ्या हातात हेडफोन बघितला आणि त्याचा चेहरा असा झाला, की जणू मी विळाच घेऊन आलोय.

"काका," तो म्हणाला, "त्या माइकच्या डबीत वेगळं रेकॉर्डिंग होतं. मी इकडे कॅमेऱ्यावर आवाज कमी केला, त्यानं डबीतला कमी होत नाही. पूर्ण बावीस मिनिटं आहेत तिच्यात."

"ऐकलंस?"

"हेडफोन कुठं होता माझ्याकडे?"

मी तो त्याच्यापुढे धरला. त्यानं हेडफोन जोडला. एक कान त्यानं लावला, एक माझ्याकडे दिला. डोक्याला डोकं लावून बसलो आम्ही, दोन दमलेले बैल बसावेत तसे.

पहिल्यांदा तिचं हसणं. "थांब, मी बांधलेली पहिली वही काढते. दाखवते तुला." मग पावलं. मग धाडकन.

मग बराच वेळ श्वास.

मग... "छोट्या."

मोठ्यानं. तीनदा. ते तीन लाल मी मोजले.

मग हळू. "छोट्या... अरे, मी पडले."

कापड फरशीवर घासत होतं. थांबत होतं, परत घासत होतं.

"दिसतोस रे मला. वर बघ."

त्यानं डोळे मिटून घेतले. मी कान काढला नाही. काढायची लाज वाटली.

शेवटी शेवटी... "कामात आहेस का. असू दे. तुझं होऊ दे... मग ये."

पुढे नुसता श्वास. नंतर तोही नाही. आणि मग रस्त्यावरून सायकलची घंटा वाजत गेली, ती स्वच्छ आली. माइक चांगला होता.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग तो म्हणाला, "सकाळी ती येणार. काय करू, काका?"

आता नीट ऐका, हे मी कुणाला सांगत नाही. मी म्हणालो, पुसून टाक.

तिचं काय भलं होणार आहे हे ऐकून, असं म्हणालो. जन्मभर झोपणार नाही ती, असं म्हणालो. तिच्या काळजीचं नाव घेतलं मी. खरं म्हणजे फळीवर आठ दिवस पडलेला तो हेडफोन मला दिसत होता. ते रेकॉर्डिंग राहिलं, तर तोही राहिला.

त्यानं डबी फॉरमॅट केली. कॉम्प्युटरवरचं काढलं, कचऱ्याच्या टोपलीतूनही काढलं. बहिणीसाठी पेनड्राइव्ह भरला. आत्याची मुलाखत आणि हातांचे तीन शॉट. चार फाइली. मी चष्मा पुसून स्वतः मोजल्या. चार. पाऊण वाजला होता.

मी उठलो.

तेव्हा ते झालं.

स्क्रीनवर मीटर उघडं होतं. त्यात काही लावलेलं नव्हतं. आवाजच नव्हता कुठला. तरी पट्टी हलली.

हिरवी.

मी म्हटलं, डोळे दमलेत.

पिवळी.

त्यानंही बघितलं. हेडफोन टेबलावर होता. मी वाकून कान नेला. काही नाही. आत काही नाही, खोलीत काही नाही. नुसती पट्टी... चढत होती.

लाल.

खाली आली. थांबली. परत लाल.

त्याचा हात माउसकडे गेला. सवयीनं. कमी करायला... मी त्याचं मनगट धरलं.

"नको," मी म्हणालो.

"काका..."

"नको रे. या वेळी तरी नको."

परत लाल.

मी मनगट सोडलं नाही. पट्टी हळूहळू खाली आली. एक एक घर. पिवळी... हिरवी... अगदी थोडी हिरवी. मग काहीच नाही. घड्याळात एक वाजून सात मिनिटं. पाऊण आणि बावीस, तुम्हीच करा बेरीज.

मी त्याचं मनगट सोडलं. मी जिना कसा उतरलो, ते मला आजही आठवत नाही.

सकाळी बहीण आली, पेनड्राइव्ह घेऊन गेली. त्यानं दिला. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो, मीही नाही काढलं. ती मला बघून म्हणाली, "काय काका, बरे आहात ना?" मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी ती इथं आली, या स्टुलावर बसली, आत्ता तू बसलीस तिथं. ड्यूटीवरून थेट आली होती, पांढरा कोटही काढला नव्हता. म्हणाली, दादा दार उघडत नाहीये, तुम्ही तरी बघा. आणि पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावला.

पाच फाइली होत्या.

पाचवीवर तारीख पाच नोव्हेंबर. पाच वाजून बारा मिनिटं. लांबी बावीस मिनिटं. आवाज नाही.

तिनं लावली.

चित्र जमिनीवरून होतं. फरशीला टेकवून ठेवल्यासारखं. पुढे खिडकीचे गज, आधी लांब, मग थांबत थांबत जवळ आलेले, गजांपलीकडे समोरची गच्ची, आणि गच्चीवर एक माणूस. छोटा दिसत होता. कॅमेऱ्यात डोळा घालून वाकलेला.

"कॅमेरा तर दादाकडे होता," ती म्हणाली. "तो तर तिथं दिसतोय. मग हे कोणी काढलं, काका?"

मी चष्मा पुसला आणि परत बघितलं.

चित्र स्थिर नव्हतं. जरासं वर जायचं, जरासं खाली यायचं. परत वर. परत खाली. मला वाटलं, कुणाचा हात हलतोय. पण ती मुलगी नर्स. तिनं मनगटावरचं घड्याळ वर धरलं होतं, एक डोळा काट्यावर, एक डोळा चित्रावर. ओठ हलत होते. वॉर्डात पेशंटचे श्वास मोजतात तसं ती मोजत होती.

सतराव्या मिनिटाला चित्र थांबलं. तिनं घड्याळ खाली घेतलं.

फाइल आणखी पाच मिनिटं होती. ती आम्ही पूर्ण बघितली. गज तसेच, गच्ची तशीच. तो तसाच वाकलेला... त्यानं मान एकदाही वर केली नाही.