न करपलेले पाव

बेकरीतल्या थोरल्या कारागिराच्या भाच्याचं डोकं ओळखण्यापलीकडे ठेचलेलं होतं. निखारे ढवळायची लोखंडी सळई शेजारीच पडली होती. बेकरीची भिंत, छत, पाव गार करायच्या फळ्या, सगळीकडे रक्त उडालं होतं. फळ्यांवर पाव मात्र कसे खरपूस, ओळीत उपडे घातलेले. एकावरही थेंब दिसत नव्हता. फौजदारबाईंची नजर तिथेच अडकली.

बाहेर गर्दीने हमालाला खांबाला बांधून झोडपलं होतं. एक डोळा गेल्यातच जमा. काल त्याची भाच्याशी जुंपली होती, एवढाच काय तो पुरावा.

"अजून दोन लाथा घाला, पोपटासारखा बोलेल!" कोणीतरी ओरडलं.

"आधी तुलाच आत घालते," बाई कडाडल्या आणि आत वळल्या. मालक दाराशीच थांबला होता. भाच्याचा मामा, तो थोरला कारागीर, भट्टीपाशी उभा होता.

"मालक, भट्टी कोण सांभाळतं?"

"हे मामा-भाचेच. मी फक्त गल्ल्यावर."

"आणि हमाल?"

"त्याला भट्टीजवळ फिरकूसुद्धा देत नाही."

"मामा, तुम्ही कुठे होतात?"

"पाव भट्टीत सारून घरी गेलो. काढायचं काम त्याचं."

"म्हणजे त्याने पाव काढले, मग मेला?"

"तर काय!"

बाईंनी एक पाव उचलला. वरून स्वच्छ, खाली लाल.

"आधी रक्त उडालं, मग त्यावर पाव मांडले. मेलेला माणूस पाव काढत नाही. आणि दुसरा कुठलाही खुनी पाव करपतील म्हणून थांबला नसता. जन्मात एक पाव करपू न दिलेला माणूसच थांबेल. मालकांना जमत नाही, हमालाला ठाऊक नाही. उरलं कोण?"

मामाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "वास यायला लागला हो. हात आपोआप गेले."

"का मारलंत?"

"सहज पगार विचारला त्याला. माझ्या दुप्पट निघाला! मळायला मी शिकवलं, भाजायला मी शिकवलं. वर हसून म्हणतो, 'थांब मामा, तुझं मी बघतोय.' मांडीवर वाढवलेलं पोर मला भीक घालणार? डोक्यात तिडीक गेली. मग थांबताच येईना."

मालकाने तोंडावर हात दाबला, तरी शब्द निसटलेच. "सकाळीच पोरगा माझ्याकडे आला होता. म्हणाला, मामाला माझ्याएवढं द्या, नाहीतर मी चाललो. मी म्हटलं, विचार करून सांगतो."

मामाने किंकाळी फोडली आणि तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. दोघा शिपायांनाही तो आवरेना.

बाईंनी बाहेर जाऊन हमालाचे दोर स्वतः कापले.