अर्धी राहिलेली ओळ

या, असे जवळ सरकून बसा. एका ओळीची गोष्ट आहे. मन लावून ऐकाल तर खुनी तुम्हालाच सापडेल.

लाकडाच्या वखारीतले म्हातारे मजूर, मामा, सकाळी कामावरच मेले. ओंडक्यानं छाती चिरडली. मामांना मोतीबिंदू, साऱ्या वखारीनं तो मालकापासून झाकलेला. वरून “सोडला!” अशी हाक आली की ओंडका तुळयांच्या उतारावरून गडगडत निघे. हाक ऐकताच मामा खाली पाचर मांडता मांडता गात, “तुझ्या दारी उभा, देवा, हात माझा धर.” ‘धर’ म्हणत बाजूला व्हायचं, ओंडका त्यानंतरच पोचे. वर्षानुवर्षं चुकलं नव्हतं.

वर होता त्यांचा जावई, कालच कामाला लागलेला. त्याच्या हातात बेड्या पडल्या.

“ढकललास?” फौजदारबाईंनी विचारलं.

“नुसता सोडला हो! मामांची ओळ ‘देवा’पाशीच तुटली.”

मुकादम मध्येच म्हणाला, “ओंडका जड होता, बाई. जड ते जोरात धावणारच.”

मामांची लेक कडाडली, “काल तर हाच मुकादम म्हणत होता, माझा नवरा अडाणी, त्याला यातलं काही कळत नाही!”

बाईंनी उतार न्याहाळला. तुळयांचं वरचं टोक खांबातल्या खिळीवर टेकलेलं. खांबाला सहा भोकं, खीळ खालून दुसऱ्यात. बाकीची भुशानं बुजलेली. पाचवं तेवढं मोकळं, आत ताजं वंगण.

“खिळीला कुलूप कशाला?”

“कुणी उतार बदलू नये म्हणून,” मुकादम म्हणाला. “किल्ली माझ्या कमरेला असते. एकच आहे.”

बाईंनी आधी जाड ओंडका सोडायला लावला, मग बारीक. लेक रडत ओळ म्हणत होती. दोन्ही ‘धर’नंतरच पोचले. मग खीळ पाचव्या भोकात घालून तोच बारीक ओंडका सोडला.

तो ‘देवा’लाच खाली आदळला.

“वजनानं नाही, तीव्र उतारानं वेग लवकर वाढतो,” बाई म्हणाल्या. “नवख्या जावयाला फरक कळणार नव्हता. मामांना दिसणार नव्हता. एकुलत्या किल्लीनं तुम्ही खीळ वर चढवलीत, गलक्यात परत खाली आणलीत, पण भोक पुन्हा भुशानं बुजवायचं राहिलं.”

“मी का मारीन त्यांना?”

“गेल्या साली तुमच्या हयगयीनं लाकडांची थप्पी कोसळून दोघं मजूर गेले. उद्या कोर्टात तुमच्याविरुद्ध मामांची साक्ष होती.”

मुकादमानं कमरेची किल्ली मुठीत आवळली. जावयाच्या बेड्या निघाल्या.

उताराचा नियम देवाचा; तो कुणाचा वैरी नाही. माणूस त्याची सुरी करतो. आज दिवा लावाल तेव्हा मामांना आठवा, आणि त्यांची ओळ ‘धर’पर्यंत पुरी म्हणा.